मांजराच्या घरातला स्पायडर प्लांट : पडवीतली नोंद, मृग ते श्रावण

पडवीतले मनी प्लांट आणि डिफेनबाखिया पावसाआधीच हलवले. दोन्हींच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. मांजराने पान चावलं की त्या जिभेत-टाळूत रुततात, लाळ गळते, तोंड सुजतं, उलट्या होतात. त्यांच्या जागी स्पायडर प्लांट, म्हणजे क्लोरोफायटम कोमोसम. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणीरक्षण संस्थेच्या यादीत तो मांजरांसाठी बिनविषारी म्हणून नोंदलेला आहे. पहिल्या पावसात आपण भाजीला खुडतो ती फोडशी याच घराण्यातली. पण निर्वाळा यादीचा धरावा, भाजीचा नव्हे.

मृग : 6 इंची कुंड्या. 2 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 1 भाग गांडूळखत, 1 भाग जांभ्याची बारीक खडी. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून आधी दोन-तीनदा धुऊन पिळून घेतलं. याची मुळं जाड, पांढरी, पाणी साठवणारी. कोकणातल्या दमट हवेत ती सुकून नाही, कुजून मरतात. शंका आली तर एक मूळ उकरून दाबून बघा : चांगलं टणक असतं, कुजलेलं तपकिरी होऊन बोटात चिरडतं. वरची इंचभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. आषाढात मग आठवडाभरही हात लावावा लागत नाही.

आर्द्रा : पानांची टोकं करपली. खाडीकाठच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, ते टोकाशी साठतात. पागोळीचं पाणी सुरू केलं (पहिल्या सरीचं सोडून दिलं) आणि नवी पानं स्वच्छ आली. करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही, ते तिरकं कापावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. झाड बिनविषारी असलं तरी कुंडी विषारी असू शकते. पावसात गोगलगायी चढतात म्हणून लोक मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतात. त्यांतल्या कोंड्याच्या वासाने जनावरं त्या खातात आणि झटके येतात. रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचाव्यात, कुंड्या टांगाव्यात. एरंडीच्या पेंडीत रायसिन हे विष राहिलेलं असू शकतं, ती घरात आणूच नये. मासळीचं खत घातलं की मांजर कुंडी उकरणारच. आणि ते उकरू नये म्हणून डांबरगोळ्या पुरणं तर फारच वाईट : नॅप्थलिन मांजराला पचत नाही. त्यापेक्षा मातीवर लिंबाएवढे गोटे पसरा. यातलं काही पोटात गेल्याचा संशय आला तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. गोळीचं पाकीट किंवा खाल्लेलं पान घेऊन थेट जनावरांच्या डॉक्टरकडे जा.

श्रावण : दांडे लोंबायला लागले, टोकाला पिल्लं, म्हणजे छोटी रोपं, आली. पिल्लाच्या बुडाशी पांढरे कोंब दिसले की शेजारच्या कुंडीत टेकवायचं आणि माडाच्या ओल्या झावळीचा हीर इंग्रजी यू-सारखा वाकवून वरून खोचायचा. सुका हीर मोडतो. मुळं धरली की दांडा कापायचा.

हलणारे दांडे दिसले की मांजर झेप घेणारच. पान बिनविषारी असलं तरी ढीगभर खाल्लं की उलटी होते. म्हणून कुंडी वाशाला, खिडकी-कपाटापासून लांब, आणि दांडे माणसाच्या डोक्याच्या वर. खाली मांजराला खायला ताटलीत गहू : रात्रभर भिजवून कोकोपीटवर पसरले की आठवड्याभरात चांगले वाढतात. दमट हवेत बुडाशी बुरशी धरली तर ती ताटली टाकून दुसरी पेरायची.