आमची वाटचाल: बँडच्या पेट्यांपासून गिटारच्या कॅबिनेटपर्यंत

भुसावळात आमचं वर्कशॉप उभं राहिलं ते बँडच्या गाड्यांवर. खान्देशात लगीनसराई म्हणजे बँड, आणि बँड म्हणजे ऑर्गन, बेंजो आणि स्पीकरच्या पेट्यांची उतरंड घेऊन वरातीत चालणारी गाडी. बाबा मुळात सुतार. दारं-खिडक्यांपेक्षा या पेट्यांना गिऱ्हाईक जास्त, हे त्यांनी ओळखलं आणि रंधा तिकडे वळवला. शाळा सुटली की मी गुण्या धरून त्यांच्या शेजारी उभा राहायचो. स्पीकरचा फाटलेला कोन, म्हणजे कागदी पडदा, बदलणं, जळालेली कॉइल काढणं मी तिथेच शिकलो.

रेल्वेचं गाव असल्यामुळे आमच्याकडे गिटार पूर्वीपासून आहे. चर्चमध्ये वाजवणारे एक सर एकदा दुकानात आले. त्यांच्याकडे 20 वॅटचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अँप होता, नुसतं हेड, स्पीकर नसलेलं. त्याला छोटं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, हवं होतं. "स्कूटरवर पुढे ठेवून नेता आलं पाहिजे," एवढीच त्यांची अट. मी बाबांना म्हटलं, यात काय अवघड, बँडचीच पेटी लहान करून देऊ.

आठ दिवसांत दिली. एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची पेटी, स्टेजवरचा 12 इंची स्पीकर, वर ट्विटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर. साधा सूर बरा लागला. पण सरांनी गेन, म्हणजे आवाज फाटेपर्यंत तापवणारं अँपचं बटण, वाढवला आणि पत्र्यावर खडी ओतावी तसा करकराट सुरू झाला. शेजारचा रसवंतीवाला येऊन उभा राहिला, थोडं ऐकलं आणि म्हणाला, "भाऊ, आवाज मोठा शे, पन गोड नई."

त्याचं खरं होतं. गाण्याचा स्पीकर सगळं जसंच्या तसं ऐकवायला बनवलेला असतो. गिटारचा स्पीकर तसा नसतो, तो वाद्याचाच एक भाग आहे. साधारण 75 हर्ट्झ ते 5 हजार हर्ट्झ एवढाच त्याचा पल्ला. गेन वाढवल्यावर जी वरची करकर तयार होते, ती हा स्पीकर पुढे जाऊच देत नाही. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर 82 हर्ट्झला वाजते, म्हणजे खालीही फार खोल जायची गरज नाही. ट्विटर लावून मी नेमकं तेच बाहेर काढलं होतं जे आत राहायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला मुंबईहून गिटारचा स्पीकर मागवला, 18 मिलिमीटरचं प्लाय घेतलं. पण स्कूटर डोक्यात असल्यामुळे पेटी फारच आखूड केली आणि मागून पूर्ण बंद केली. आवाज घशात अडकल्यासारखा यायला लागला. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी पेचकस घेतला, मागच्या फळीचे पेच एकेक करून काढले, फळी भिंतीला टेकवून ठेवली आणि सरांना म्हणाले, "आता वाजवा." तीच पेटी, तोच स्पीकर, पण आवाज खोलीभर पसरला. सरांनी तीच कॉर्ड चारदा वाजवली.

छोटं कॅबिनेट निवडताना मी आजही आधी मागच्या फळीचं विचारतो. मागून उघडी पेटी चहूकडे ऐकू येते, पण मागची लाट पुढच्या लाटेला उलटी भेटते आणि खर्जाचा भाग कमी होतो. चर्च, घर, छोटा कार्यक्रम, गेन न वाढवता साफ वाजवणारा हात, यांना ती छान. बंद पेटीचा आवाज समोर जातो, खर्ज घट्ट लागतो. हाताची कड तारांवर दाबून जोरकस वाजवणाऱ्या पोरांना ती हवी. फक्त बंद पेटी लहान केली की आत हवा कमी पडते आणि आवाज डबा होतो. म्हणून 12 इंचीला आम्ही बाहेरून 50 बाय 45 बाय 28 सेंटिमीटरच्या खाली जात नाही. आत सुमारे 43 लिटर जागा मिळते. मागची फळी तीन पट्ट्यांची करतो, मधली पेच काढून बाजूला होते.

वजनाचं आधीच सांगितलेलं बरं. सेलेस्टियन कंपनीचा व्हिंटेज 30 हा 12 इंची गिटार स्पीकर एकटाच 4.7 किलो भरतो, पेटीसकट 16 किलोच्या आसपास जातं. हलक्या निओडिमियम मॅग्नेटचा स्पीकर घेतला तर दोन-अडीच किलो वाचतात, पैसे मात्र जास्त लागतात. ज्याला रोज जिना चढायचा आहे त्याने ते जरूर द्यावेत. वॅट बघताना अँपपेक्षा स्पीकरचा आकडा चांगला वर ठेवावा, कारण व्हॉल्व्हचा अँप पूर्ण उघडला की लिहिल्यापेक्षा जास्त देतो. आणि आवाजाची मोठाई नुसत्या वॅटवर ठरत नाही. एका वॅटला 97 डेसिबल आवाज देणाऱ्या स्पीकरऐवजी 100 चा लावला तर अँपची ताकद दुप्पट केल्याइतका फरक पडतो.

जोडणीच्या बाबतीत मी स्वतः चूक केली आहे. धुळ्याला दिलेल्या एका पेटीत जॅकचं सोल्डरिंग कच्चं राहिलं. कार्यक्रमात तार सुटली, अँपला लोड मिळाला नाही आणि त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला. व्हॉल्व्हच्या अँपला स्पीकर जोडलेला नसताना वाजवलं की हेच होतं. दुरुस्तीचे पैसे मी दिले, पण त्या पोराचा कार्यक्रम गेला तो गेला, ते अजून मनाला लागतं. तेव्हापासून प्रत्येक पेटी बाहेर जाण्याआधी जॅकवर मीटर लावतो. ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप; 8 ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-सातच दाखवतो, ते बरोबर आहे. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवतो. कोन पुढे सरकला तर प्लस-मायनस ठीक. शेवटी पेटी पालथी करून हलवतो आणि पुन्हा मीटर बघतो.

2020 मध्ये लग्नं थांबली, बँडच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. त्या वर्षी घरात बसून गिटार शिकणाऱ्यांच्या छोट्या पेट्यांनी आमचे दोन कारागीर टिकवले. 5 वॅटच्या अँपला 10 इंचीची पेटी आम्ही तेव्हाच सुरू केली. एका खोलीला तेवढी पुरते, उगाच 12 इंची घेऊ नये असं मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो.

आमच्या उन्हानेही बरंच शिकवलं. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की गाडीत ठेवलेल्या पेटीचं रेक्झिन कडेने उचलायचं. आता सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू देतो आणि रेक्झिनच्या कडा आत वळवून पट्टीखाली दाबतो. एमडीएफ कायमचं बंद केलं. त्याच्या कडा ठिसूळ, पेच धरत नाहीत आणि पावसाळ्यात फुगतात.

सरांची ती पेटी आजही चर्चमध्ये आहे. मागची फळी त्यांनी परत लावलीच नाही. ती आमच्या वर्कशॉपमध्ये, बाबांनी टेकवली होती त्याच भिंतीला आहे, आठही पेच कागदाच्या पुडीत बांधून तिला चिकटवलेले.