कापूस परवडत नाही तर लावता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. पुण्यात ऑफिसला लागल्यापासून हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, बहुतेक वेळा दिवाळीच्या सुट्टीनंतर. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं हे मला कळतं. पण जेवणाच्या टेबलावर दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, आणि दोन मिनिटांत दिलं की ते रडगाणं वाटतं.

आमची सहा एकर, यवतमाळ जिल्ह्यात, सगळी कोरडवाहू. बाबांना मी स्वतःच हा प्रश्न विचारला होता एकदा, तेव्हा ते म्हणाले, "नाई लावू तं काय लावू बाप्पा? सोयाबीन डुक्कर ठेवते का?" यात बरंच काही आलं. काळ्या जमिनीत पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारली तरी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, तग धरते, रानडुकरं तिच्या वाटेला फारशी जात नाहीत, आणि कापूस एकदम न निघता तीन-चार वेच्यांत निघतो म्हणजे घरात पैसाही थोडा थोडा येत राहतो, दसऱ्यापासून पार संक्रांतीपर्यंत. सोयाबीनचा भाव तरी कुठे धड आहे.

पण खरं उत्तर याच्याही मागे आहे. वऱ्हाड इतका कापसाचा झाला तो एकट्या शेतकऱ्याच्या हौसेने नाही. इंग्रजांनी १८५३ मध्ये निजामाकडून हा प्रांत ताब्यात घेतला, १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडून इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस थांबला आणि त्यांची नजर इकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, खामगाव आणि अमरावतीला फाटे निघाले ते कापसाच्या गाठी मुंबई बंदरापर्यंत न्यायला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, पण तोवर ज्वारीच्या रानात पऱ्हाटी उभी झाली होती आणि सावकाराच्या वहीत नावं चढली होती. म्हणजे आमच्या शिवारात काय पिकावं हे तेव्हाही हजारो मैलांवरून ठरत होतं.

आणि आजही. तालुक्याच्या जिनिंगवाल्याच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखानदाराच्या, मोबाईलवर सकाळी सकाळी न्यूयॉर्कच्या वायदे बाजाराचा भाव उघडलेला असतो, सेंट प्रति पाउंड, आणि गाडीतला कापूस हातात घेऊन बघायच्या आधीच त्याचा भाव मनात ठरलेला असतो. आता कुणी म्हणेल बाजार आहे, मागणी-पुरवठा आहे, चालायचंच. ठीक आहे, पण मग तो नियम सगळ्यांना लावा ना. अमेरिका तिच्या कापूस उत्पादकांना वर्षानुवर्षं भरघोस सरकारी पैसा देत आली, त्यामुळे जगाचा भाव पडला तरी तिथला शेतकरी टिकतो आणि पडलेला भाव आमच्या अंगावर येतो. ब्राझीलने याविरुद्ध २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, जिंकला, आणि २०१४ मध्ये तडजोड झाली तेव्हा अमेरिकेने ३० कोटी डॉलर ब्राझीलला देऊन प्रकरण मिटवलं. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे आफ्रिकेतले कापूस पिकवणारे चार गरीब देश २००३ पासून हीच तक्रार करतायत, पण त्यांच्याकडे ब्राझीलसारखी ताकद नाही, त्यामुळे त्यांच्या हातात असं काही पडलं नाही. मला हे वाचून बुर्किना फासोचा माणूस पुण्यातल्या माणसापेक्षा जवळचा वाटला, खोटं कशाला बोलू.

२०२५ च्या हंगामाचंच बघा. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या मालावर ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावलं, आपल्या कापड निर्यातदारांची अडचण झाली, म्हणून आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून काढून टाकलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे नेमका आमचा माल बाजारात यायच्या दिवसांत बाहेरचा कापूस स्वस्त झाला. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या शिलाई कामगाराची नोकरी वाचावी असं मलाही वाटतं, माझं त्याच्याशी भांडण नाही, तोही माझ्या बापासारखाच साखळीच्या शेवटच्या कडीला लटकलेला आहे. पण दोन सरकारांच्या भांडणाचं बिल प्रत्येक वेळी त्यालाच किंवा आम्हालाच का येतं?

हमीभाव आहे ना, असं लगेच विचारलं जातं. आहे, २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८११० रुपये होता. पण सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत, त्यात ॲपवर नोंदणी, आणि दिवाळीआधी कृषी केंद्राची उधारी चुकवायची असते. बाबांनी पहिला वेचा खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, क्विंटलमागे साडेसहा हजाराने दिला. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, हातात आला आणि त्याच संध्याकाळी बियाणं-खताच्या उधारीत गेला. बियाणंही संकरित, म्हणजे घरची सरकी पुढच्या वर्षी बियाणं म्हणून टोबता (पेरता) येत नाही, दरवर्षी पाकीट विकत.

आणि या सगळ्यात आमच्याही खाली कुणीतरी आहे, ते सांगितलं नाही तर मी अर्धंच बोललो असं होईल. आमच्या रानात वेचायला येणाऱ्या बायकांना किलोमागे दहा रुपयांच्या आसपास मिळतात, दिवसभर वाकून, बोंडाच्या काट्यांनी बोटं सोललेली. त्यातल्या बऱ्याच जणींच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यामुळे कर्जमाफी, पीकविमा, अनुदान यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. फवारणीचंही तसंच. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, त्यांत शेतमजूरही होते. भाव पडला की बाबा पहिल्यांदा वेचणीचाच दर कमी करायला बघतात, आणि मी घरी असलो की आमचं यावरून भांडण होतं. ते म्हणतात, "मंग तू दे वरचे." गेल्या दोन वर्षांपासून किलोमागे तीन रुपये मी पगारातून देतो. त्याने गावातला दर वाढलेला नाही, शेजारच्या शेतवाल्यांनी बाबांना बोल मात्र लावले.

आता शेवटचा वेचा घरात पडलाय, पुढच्या खोलीत, पार खिडकीपर्यंत. बाबांनी तो अजून विकलेला नाही.