स्प्रिंग बदलताना सील

आजचा दिवस व्हॉल्व स्प्रिंग बदलण्यात गेला. स्प्रिंग बाहेर निघालीच आहे तर व्हॉल्वच्या स्टेमवरचं (दांडीवरचं) तेल अडवणारं जुनं सील ठेवू नये, कारण ते वर्षानुवर्षं गरम तेलात राहून कडक झालेलं असतं.

हेड (इंजिनाचा व्हॉल्व असलेला वरचा भाग) न उतरवता काम करायचं तर पिस्टन टीडीसीवर (सगळ्यात वरच्या टोकाला) आणा आणि स्पार्क प्लगच्या भोकातून हवेचा दाब द्या, म्हणजे व्हॉल्व आत पडत नाही. पिस्टन थोडा जरी खाली असेल तरी हवेने क्रँक फिरतो, तेव्हा हात सांभाळून. हवा नसेल तर नायलॉनची दोरी आत भरून क्रँक हाताने वर घ्या; व्हॉल्व दोरीवर टेकून राहतो.

नवं सील फाटतं ते बहुतेक वेळा स्टेमवरच्या लॉकच्या (स्प्रिंग जागेवर धरणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या) खाचेवर. स्टेमच्या टोकावर प्लास्टिकची टोपी घाला, तेल लावा, सील हाताने खाली सरकवा आणि योग्य मापाच्या सॉकेटने सरळ दाबा. हातोडीचा मोह नको. स्प्रिंगखालची चकती आधी बसवा. ती राहिली तर सील परत काढावं लागतं, आणि काढलेलं सील पुन्हा वापरू नये. इनटेक आणि एक्झॉस्टची सील वेगळी असतील तर अदलाबदल करू नका.

खरी गफलत मापात होते. डबल स्प्रिंगची आतली स्प्रिंग जाड सीलला घासते. जास्त लिफ्टचा (व्हॉल्व जास्त उघडणारा) कॅम असेल तर रिटेनर (स्प्रिंगवरची चकती) सीलवर आपटून ते चिरडतो. पूर्ण लिफ्टला रिटेनर आणि सीलमध्ये साधारण १.५ मिमी जागा हवी.

गाईडच (स्टेम ज्यात सरकतो ती नळी) झिजलं असेल तर नवं सीलही फार टिकत नाही.