अलंग-मदन-कुलंग कधी करावा?

सह्याद्रीतले अलंग, मदन आणि कुलंग हे तीन शेजारचे किल्ले एका मोहिमेत करायचे ठरले की थंडी किती असेल, हा पहिला प्रश्न येतो. थंडीची सोय स्लीपिंग बॅगेने होते. तारीख ठरवायची ती तीन गोष्टी पाहून: कातळ कोरडा हवा, मदनवरच्या टाक्यांत पाणी हवं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उजेड पुरायला हवा. आम्ही जानेवारीचा उत्तरार्ध निवडला तो याच हिशेबाने.

कसाऱ्याला उतरून जीपने आंबेवाडी गाठायची, गावातूनच वाटाड्या घ्यायचा आणि पहाटे 5 ला बॅटरीच्या उजेडात निघायचं. साधारण तीन तासांत अलंग-मदनमधली खिंड येते. डावीकडे अलंग, उजवीकडे मदन. 1818 मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून इथल्या पायऱ्या उडवल्या, म्हणून अलंगला सुमारे 80 फूट आणि मदनला सुमारे 50 फूट कातळ दोराने चढावा लागतो. पहिला मुक्काम अलंगच्या गुहेत; तिथे टाक्यांना पाणी मुबलक असतं.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. बारा जणांच्या गटात प्रत्येकाला चढायला, सॅक ओढून घेण्यासकट, 8 ते 10 मिनिटं लागतात, रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून उतरायला, 5. म्हणजे सकाळी अलंग उतरायला एक तास, मदन चढायला दीड-दोन, माथा पाहून यायला एक, पुन्हा उतरायला एक. पायपीट धरून दुपारचे दीड-दोन वाजतात. पुढे कुलंगचा लांबलचक ट्रॅव्हर्स, म्हणजे डोंगराच्या अंगाने आडवी चाल, कारवीच्या रानातून, चार तासांचा. कुलंगच्या शेवटच्या खोदीव पायऱ्यांवर पोचेपर्यंत सहा वाजतात. नोव्हेंबरअखेर या भागात सूर्य सहाच्या आतच मावळतो, जानेवारीअखेर सव्वासहानंतर. सकाळ मात्र जानेवारीतही उशिराच उजाडते, त्यामुळे मिळणारी ही अर्ध्या तासाची सवलत सगळी संध्याकाळची असते, आणि ती नेमकी त्या पायऱ्यांवर कामाला येते. दरीच्या कडेने अंधारात, पाठीवर सॅक घेऊन तिथे चढू नये.

मग फेब्रुवारी-मार्च का नाही? दिवस तर आणखी मोठा असतो. अडचण पाण्याची. अलंग आणि कुलंगवर पाणी टिकतं, मदनवरच्या टाक्यांचा भरवसा जानेवारीनंतर धरू नये. अलंगवरून निघताना माणशी किमान 3 लिटर भरून घ्यावं, उन्हाळा लागला की 4. तेवढं वजन घेऊन कातळ चढणं वेगळंच काम होतं. शिवाय माती सुकून घसारा मोकळा होतो, वरच्याच्या पायाखालून दगड सुटतात; म्हणून खिंडीपासूनच हेल्मेट डोक्यावर हवं. मार्चपासून वणव्यांची आणि तापलेल्या कातळाची भर पडते.

आग्या मोहोळाचा धोका कुठल्याही महिन्यात धरून चाला. कड्याखाली धूर, अत्तर, आरडाओरडा पूर्ण बंद. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

जून ते सप्टेंबर हा विचारच सोडा. घाटघर-इगतपुरीचा पाऊस, शेवाळलेला कातळ आणि धुकं यात कुठलाही दोर सुरक्षित नाही. ऑक्टोबर दिसायला हिरवागार, पण परतीचा पाऊस दुपारी विजांसह येतो, गवत कमरेपर्यंत असतं आणि त्यात वाट व साप दोन्ही दडतात. पाऊस थांबल्यावरही फटींतून पाणी झिरपत राहतं, आणि खोबणी नेमक्या तिथेच असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून कातळ भरवशाचा. ज्यांना जानेवारी जमत नाही त्यांनी तेव्हा जावं, पण गट आठ जणांचाच ठेवावा किंवा मदन-कुलंगच्या मध्ये तासभर वाचेल असं वेळापत्रक आखावं. अवकाळी सरी आल्या तर दोन कोरडे दिवस जाऊ द्यावेत.

25 डिसेंबर ते 1 जानेवारी आणि 26 जानेवारीला जोडून आलेली सुट्टी टाळा. दोराची जागा एकच. पुढे वीस जणांचा गट असेल तर वरचा सगळा हिशेब मदनच्या पायथ्याशीच कोसळतो. मधल्या वाराला निघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

सामानात 60 मीटरचा दोर, शक्यतो दोन: एक चढाईचा डायनॅमिक (झटका बसला की ताणला जाणारा), एक रॅपलिंगचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा). प्रत्येकाला हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा), डिसेंडर (दोरावरून उतरताना वेग आवरणारं साधन), हेल्मेट. बिले देणाऱ्याला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळणाऱ्याला, चामड्याचे हातमोजे. कातळात आधीच ठोकलेल्या मेखा पावसाळ्यात गंजतात, म्हणून एकीवर सगळा भार कधीच नको. दोन-तीन जोडून अँकर (दोर बांधायचा आधार) करावा आणि त्यावर आधी खालूनच ताण देऊन पाहावा. रात्री माथ्यावर पारा एक आकडी होतो आणि वारा बोचतो, तेव्हा 5 अंशांपर्यंत चालेल अशी बॅग व विंडचीटर घ्या. टाक्यातलं पाणी गाळून, उकळून प्यावं.

मदनवरून उतरताना दुपारचे तीन वाजले असतील तर कुलंग सोडून खिंडीतून आंबेवाडीला उतरा. आंबेवाडीची वाट तोवर पायाखालची झालेली असते. कुलंगचा ट्रॅव्हर्स अंधारात वाटाड्यालाही चुकतो.