सीएचओचा चार्ज घेताय? आधी लॉगिन मागा

उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणून रुजू होणार असाल तर कपाट, वजनकाटा, बीपीचं मशीन, डेड स्टॉक रजिस्टर हे सगळं नंतर मोजा. आधी विचारा, की ज्या सरकारी पोर्टलवर कामाची नोंद करायची त्याचे लॉगिन कोणाच्या मोबाइल नंबरवर आहेत. हे मला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगमध्ये एकाही माणसाने सांगितलं नाही, आणि याच एका गोष्टीपायी माझा कामावर आधारित मोबदला कितीतरी महिने अडकून पडला. अजून आठवलं की डोकं तापतं.

मी बीएस्सी नर्सिंग. आधी खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स होते. मग जाहिरात निघाली, अर्ज केला, परीक्षा दिली, यादीत नाव आलं. जिल्हा रुग्णालयात सहा महिने ट्रेनिंग आणि नंतर विद्यापीठाची परीक्षा. या सगळ्यात सांगण्यासारखं फार काही घडलं नाही. फक्त नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनची मुदत बघून ठेवा. आमच्या बॅचमध्ये एकीची मुदत कागदपत्रं तपासणीच्या तोंडावर संपत होती, तिची धावपळ मी पाहिली आहे.

ट्रेनिंग चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. प्रसूतीच्या वॉर्डात रात्रपाळ्या केल्या. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका गुणांत मोजणारा फॉर्म, कसा भरायचा, चारच्या वर गुण आले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी कसं बोलवायचं, बीपी, शुगर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांची तपासणी कशी करायची, हे सगळं शिकवलं. पाच हजार लोकसंख्येचं उपकेंद्र असेल तर तीस वर्षांवरचे साधारण साडेअठराशे लोक धरायचे, हा हिशेबही पाठ करून घेतला. डोंगरी आणि आदिवासी भागात उपकेंद्र तीन हजारांमागे एक असतं, पण तिथे वाड्या इतक्या लांब लांब, की तीन हजार हा आकडा नुसता कागदावर सोपा दिसतो.

माझा पगार दोन भागांत आहे. पंचवीस हजार ठरलेले आणि पंधरा हजारांपर्यंत कामावर. कामावरचा भाग मिळवायचा तर दर महिन्याला निर्देशांकांचा तक्ता भरायचा: ओपीडी किती, गरोदर माता किती, एनसीडी तपासण्या (बीपी, शुगर, कॅन्सरच्या) किती, ई-संजीवनीवर, म्हणजे ऑनलाइन डॉक्टरांकडून, घेतलेले सल्ले किती, योगाचे वर्ग किती. त्यावर पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) एमओ साहेबांची, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्यांची, सही लागते, मग तो तालुक्याला जातो. तालुक्यात आकडे पोर्टलशी ताडून बघतात. पोर्टलवर असेल तेच झालं, नसेल ते झालंच नाही.

माझ्या आधी त्या उपकेंद्रावर बीएएमएस डॉक्टर मॅडम होत्या. त्यांचा पीजीला नंबर लागला, त्या गेल्या. सगळे लॉगिन त्यांच्या मोबाइलला जोडलेले. पासवर्ड बदलायला गेलं की ओटीपी त्यांच्याकडे जायचा. मॅडम स्वभावाने फार चांगल्या, कधी नाही म्हणाल्या नाहीत, पण त्या लेक्चरला किंवा वॉर्डात असायच्या. मी इथे उपकेंद्राच्या गच्चीवर, कारण रेंज फक्त गच्चीवरच. खाली पेशंट बसलेले. वर मी फोन कानाला लावून "मॅडम, आला का?" म्हणते आणि त्या पलीकडून कुजबुजत सहा आकडे सांगतात. तोवर ओटीपीची वेळ संपलेली. बरं, कधी आत शिरले तरी नोंद त्यांच्याच नावाने पडायची. म्हणजे तपासण्या मी करायच्या आणि काम दिसायचं सोडून गेलेल्या माणसाचं.

तालुक्याच्या ऑफिसात गेले. तालुक्याचं नाव लिहीत नाही, पुन्हा तिथेच काम आहे. डाटा ऑपरेटर म्हणाले, अर्ज द्या. दिला. पुढच्या वेळी म्हणाले, लेटरहेडवर द्या, एमओंच्या सहीने. तसा दिला. मग म्हणाले, उपकेंद्राचा एनआयएन नंबर टाकलेला नाही. तो दहा आकडी नंबर दवाखान्याच्या ओळखीचा असतो, आणि माझ्या उपकेंद्रावर तो कुणालाच माहीत नव्हता. शेवटी आरोग्य सेवक दादांनी एका जुन्या रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहिलेला शोधून काढला. (तुमचा नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा.) तिसऱ्यांदा अर्ज दिला.

मग सुरू झालं "जिल्ह्याला पाठवलंय". जिल्ह्याला फोन केला की "आमच्याकडे आलंच नाही". तालुक्याला सांगितलं की "मॅडम, गेलंय म्हटलं ना". अशात महिना उलटायचा, तक्ता जायचा आणि माझ्या नावापुढे शून्य यायचं. त्याच महिन्यात एका बाईचं बीपी दोनशेदहा-एकशेदहा निघालं. शेतातून थेट आली होती, हाताला अजून माती. काही त्रास होत नाही म्हणत होती. ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलून, एकशेआठ बोलावून तिला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पोर्टलच्या हिशेबाने मी त्या दिवशी काहीच केलेलं नव्हतं.

मला मार्ग सापडला तो आशांचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक ताईंमुळे. पंधराएक वर्षं आशांच्या मोबदल्याचे कागद घेऊन ऑफिसं पालथी घातलेल्या बाई त्या. मला म्हणाल्या, "तुम्ही आवक नंबर घेतला का? आवक नंबर नसेल तर तुमचा कागद जन्मलाच नाही." तालुक्याला गेले, आलेल्या-गेलेल्या कागदांची नोंद असते ते आवक-जावक रजिस्टर मागितलं. आवकमध्ये माझा अर्ज होता, नंबरासकट. जावकमध्ये नव्हता. ऑपरेटरच्या टेबलावर काचेखाली देवाचा फोटो, त्याच्याशेजारी फायलींचा ढीग, आणि ढिगात खालून तिसरा माझा कागद. तालुक्याच्या साहेबांची सही राहिली होती! साहेब आतच बसलेले. मी स्वतः कागद उचलून आत गेले, त्यांनी न वाचता सही केली. जावक नंबर टाकून घेतला, फोटो काढला आणि तो फोटो जिल्ह्याच्या कार्यक्रम व्यवस्थापकांना पाठवला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी माझा नंबर जोडला गेला होता. काम एवढंच होतं.

एक सांगते. बीएएमएसवाले पीजीला जाणार, नर्सिंगवाल्यांना दुसरीकडे कायमची जागा मिळाली की त्या जाणार. अकरा महिन्यांच्या करारावर माणूस थांबेल अशी अपेक्षाच चुकीची आहे. मग माणसं बदलत राहणार हे धरूनच व्यवस्था लावायला नको का? वरच्या ऑफिसात पद भरल्याची टिक पडते. त्या पदावरचं माणूस काम करू शकतंय का, ते कोणी बघत नाही. कार्यमुक्तीच्या आदेशात "लॉगिन हस्तांतरित केले" एवढी एक ओळ घातली असती तर माझं अर्धं वर्ष वाचलं असतं.

जागा निवडताना हेही बघा, नंतर उपयोग नाही: उपकेंद्राला स्वतःची इमारत आहे का, आरोग्य सेविकेचं पद भरलेलं आहे का, आणि रेंज आहे का. गुणवत्तेनुसार नाव पुकारतात, निवडायला मिनिटभर मिळतं, त्यामुळे चौकशी आधी करून जा. तिथल्या आशाताईंशी फोनवर बोललात तर सगळं कळतं.

मागच्या महिन्यांच्या नोंदी पोर्टलवर आता घालता येत नाहीत, तारीख बंद झाली. पण ओपीडीचं आणि एनसीडीचं रजिस्टर मी पहिल्या दिवसापासून हाताने लिहीत होते, रोज खाली सही करून. त्यावरून एमओ साहेबांनी तपासणी करून अहवाल दिला आणि काही महिन्यांचे पैसे निघाले. उरलेल्यांसाठी पुन्हा अर्ज दिलाय. या वेळी आवक नंबर घेतलाय, आणि दर सोमवारी जावक रजिस्टर बघायला जाते.