67 वॅटचा चार्जर आणि आईचा फोन

मे महिन्यात अकोल्याला गेलो तेव्हा माझा 67 वॅटचा चार्जर सोबत होता. आईचा फोन दुसऱ्या कंपनीचा, बॅटरी 5000 एमएएचची. 8 टक्के चार्जिंग उरले होते. माझ्या चार्जरने तो पाऊण तासात भरेल, असे मी ऐटीत सांगितले आणि दोन तास उलटले तरी आकडा 80च्या आसपासच रेंगाळत होता. "तुझ्यापेक्षा माझा जुनाच बरा," म्हणून आईने विषय संपवला. माझा मात्र संपला नाही.

चार्जर आणि केबल यांच्यामध्ये लावायचा छोटा मीटर माझ्याकडे असतो. त्यावर 5 व्होल्ट आणि 1.7 अँपिअर, म्हणजे जेमतेम साडेआठ वॅट दिसत होते. चार्जरवर छापलेला आकडा ही त्याची कमाल क्षमता असते. प्रत्यक्षात किती वीज घ्यायची हे फोन ठरवतो. केबल जोडताच दोघांमध्ये एक बोलणी होते, फोन 9 व्होल्ट किंवा त्याहून अधिक मागतो आणि चार्जरला ती भाषा कळली तरच तो देतो. माझ्या चार्जरला त्याच्या कंपनीचीच भाषा येत होती, त्यामुळे बोलणी फिसकटली आणि दोघेही जुन्या, सुरक्षित 5 व्होल्टांवर आले. यूएसबी पॉवर डिलिव्हरी हे सामायिक मानक दोन्हीकडे असते, तर ही फजिती टळली असती. म्हणून चार्जर घेताना मी आता वॅटच्या मोठ्या अक्षरांऐवजी खालच्या बारीक अक्षरांतला तपशील वाचतो.

बिछान्यापर्यंत पोहोचावी म्हणून आईने घेतलेली दोन मीटरची स्वस्त, बारीक केबलही या प्रकरणात निर्दोष नव्हती. अशा केबलमधली तांब्याची तार केसासारखी असते आणि वीज जाऊन परत यायची म्हणजे चार मीटरची वाट होते. या वाटेचा रोध अर्धा ओहम धरला, तरी 2 अँपिअरला एक पूर्ण व्होल्ट केबलमध्येच खर्ची पडतो आणि 5 व्होल्टांपैकी 4च फोनपर्यंत पोहोचतात. व्होल्टेज उतरलेले दिसताच फोन स्वतःहून प्रवाह कमी करतो. व्होल्टेज वाढवून प्रवाह आटोक्यात ठेवण्याचा मार्ग जलद चार्जिंगमध्ये वापरतात, त्याचे एक कारण हेच. वायरलेस चार्जिंगबद्दल एवढेच म्हणेन की, सोय मोठी असली तरी त्यात बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते.

शेवटचे 20 टक्के मात्र योग्य चार्जर आणि उत्तम केबल असूनही रेंगाळतातच. लिथियम-आयन बॅटरीत चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. रिकाम्या एसटीत पहिले प्रवासी भराभर बसतात, नंतर चढणाऱ्यांना मात्र उरलेली जागा शोधत आत सरकावे लागते. त्या वेळी मागून रेटा तसाच राहिला तर दाराशी कोंडी होते. बॅटरीत अशी कोंडी झाली की लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते आणि क्षमता कायमची घटते. म्हणून सुरुवातीला प्रवाह जोरात ठेवतात आणि सेलचे व्होल्टेज 4.2 ते 4.5च्या दरम्यानच्या ठरलेल्या मर्यादेला पोहोचले की ते तिथेच धरून प्रवाह हळूहळू उतरवतात. जाहिरातींत बहुधा पहिल्या 50 टक्क्यांचीच मिनिटे का छापतात, हे यावरून उमगावे. थंडीत आयनांची हालचाल मंदावते आणि हीच कोंडी लवकर होते, त्यामुळे शून्य अंशाखाली चार्जिंग धोक्याचे ठरते.

अकोल्यात अर्थातच अडचण उलटी होती. लिथियम-आयन बॅटरीच्या चार्जिंगसाठी साधारण 45 अंशांपर्यंतचे तापमान चालते, आणि आमच्याकडे मे महिन्यात खोलीच त्या आकड्याच्या जवळ जाते. त्यात फोनला जाड कव्हर, आणि आई चार्जिंग चालू असतानाच व्हिडिओवर कीर्तन ऐकणार. पडदा आणि प्रोसेसर एकीकडे येणारी वीज खातात, दुसरीकडे फोन तापवतात. तापलेला फोन बॅटरी वाचवण्यासाठी येणारी वीज आणखी कमी करतो.

दुसऱ्या दिवशी बाजारातून पॉवर डिलिव्हरीचा 25 वॅटचा चार्जर आणि एक मीटर लांबीची जाडसर केबल आणली. मीटरवर 9 व्होल्ट उमटले तेव्हा मी विजयी मुद्रेने आईकडे पाहिले, पण दहा मिनिटांत 15 वॅटचे 7 वॅट झाले, कारण फोन नेहमीप्रमाणे खिडकीच्या तापलेल्या कट्ट्यावर होता. आईने कीर्तन बंद केले, कव्हर काढले आणि फोन माजघरातल्या शहाबादी फरशीवर, माठाशेजारी नेऊन ठेवला. थोड्या वेळाने मीटर पुन्हा 14 वॅट दाखवू लागला.