ट्रे हलवू नये

सोमवार

नव्या एम.एस्सी. बॅचचे पहिले क्रिस्टल ट्रे आज लागले. ट्रे म्हणजे प्रोटीनचे क्रिस्टल वाढवायची प्लेट; क्रिस्टल आले की त्यांवर क्ष-किरण टाकून प्रोटीनची रचना काढता येते. प्रोटीन दरवर्षीचंच, अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम. १२९ अमिनो आम्लं, वजन सुमारे १४.३ किलोडाल्टन. १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटानं याचीच रचना उलगडली; एन्झाइमांमधली ती पहिली. शिकवायला इतकं गुणी प्रोटीन दुसरं नाही, आणि तोच त्याचा तोटा. पुढे स्वतःच्या प्रोटीनचे सहा महिने क्रिस्टल आले नाहीत, की पोरं कुरकुरतात, "लायसोझाइमचे तर एका रात्रीत आले होते!"

प्लेट २४ खळग्यांची. सहा रकान्यांत मीठ चढत जातं, ३ टक्क्यांपासून ८ पर्यंत. ए ते डी या चार ओळींत प्रोटीन चढतं: २०, ३०, ४०, ५० मिलिग्रॅम प्रति मिली. खळग्यात एकूण ५०० मायक्रोलीटर. ५ टक्क्यांच्या खळग्याचा हिशेब असा: २५ टक्के मिठाचा साठा १०० मायक्रोलीटर, १ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट (पीएच ४.६) ५०, पाणी ३५०. साठे ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेले हवेत. प्रोटीन वापरायच्या आधी दहा मिनिटं थंड सेंट्रीफ्यूजमध्ये जोरात फिरवायचं, तळाशी काही दिसो वा न दिसो.

मग सिलिकॉनचा लेप दिलेल्या काचेवर १ मायक्रोलीटर प्रोटीन, त्यात खळग्यातलं १ मायक्रोलीटर, काच उलटी करून ग्रीसच्या कड्यावर. कडं पूर्ण करायचं नाही, एक बारीक फट ठेवायची. काच दाबताना आतली हवा तिथून निघते, मग काच किंचित फिरवली की फट बुजते. थेंबात मीठ खळग्याच्या निम्मं असतं. त्यामुळे थेंबातलं पाणी वाफ होऊन खाली जात राहतं आणि थेंब हळूहळू आटतो. सगळा खेळ त्या "हळूहळू"चा आहे. फट राहून गेली तर थेंब दोन दिवसांत वाळतो आणि मिठाचे चौकोनी खडे दिसतात. त्यांचा फोटो काढून पाठवणारा दरवर्षी एक तरी निघतोच.

आज सर्वांत जास्त चुका पिपेटच्या. शेवटचा थेंब सोडताना दुसरा टप्पा दाबला की थेंबात बुडबुडा शिरतो. बुडबुडा असला तर क्रिस्टल येत नाहीत असं नाही, पण पुढे सूक्ष्मदर्शकाखाली काहीच धड दिसत नाही.

मंगळवार

डी-६ रात्रीतच भरला. साखर सांडल्यासारखे शेकडो बारीक कण. मीठही जास्त, प्रोटीनही जास्त, त्यामुळे एकदम असंख्य ठिकाणी सुरुवात झाली आणि माल वाटला गेला. कोणालाच वाढायला पुरला नाही. ए-१ अजून स्वच्छ आहे, बहुधा तसाच राहील. कामाचे खळगे मधल्या पट्ट्यात.

सकाळपासून चार जणांनी चार वेळा ट्रे उचलून पाहिला. ट्रे हलला की थेंब हलतो आणि नको तेव्हा नवे कण सुरू होतात. हातात धरला की काचही गरम होते. म्हणून पाहायचे दिवस ठरलेले असावेत: पहिला, तिसरा, सातवा, चौदावा, तिसावा. दर वेळी चोवीसही खळग्यांची नोंद. "काही नाही" हीसुद्धा नोंद आहे. तपकिरी, गुठळ्यांचा गाळ असेल तर प्रोटीन बिघडलं समजावं. पांढरा, बारीक, दाणेदार गाळ असेल तर आशा ठेवायला हरकत नाही, मीठ थोडं उतरवून परत लावावं.

बुधवार

वरच्या मजल्यावरच्या पीएच.डी. ट्रेमध्ये काल "हिट" आला होता, म्हणजे एका खळग्यात क्रिस्टल दिसला होता. आज तो मिठाचा निघाला. प्रोटीन फॉस्फेट बफरमध्ये आणि त्या खळग्यात कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. सुईनं टोचलं तेव्हा क्रिस्टल "कट्" करून तुटला. प्रोटीनचा क्रिस्टल असा तुटत नाही. त्याच्या आत जवळजवळ निम्मं पाणीच असतं, त्यामुळे तो ओल्या खडीसाखरेसारखा चुरडतो. शंका असेल तर मेथिलीन ब्लू: प्रोटीनच्या क्रिस्टलमधल्या पाण्याच्या वाटांतून रंग आत शिरतो, मिठाच्या शिरत नाही. खरं तर प्रोटीन आधीच ट्रिस किंवा हेपीस या दुसऱ्या बफरमध्ये बदलून घेतलं असतं तर तो आनंद आणि ते दुःख दोन्ही वाचलं असतं.

बाकी आजचा दिवस रजिस्टरचा. विभागाचं सामाजिक जीवन स्नेहसंमेलनात कमी आणि कोल्ड रूमच्या दाराला टांगलेल्या रजिस्टरमध्ये जास्त कळतं. प्रोटीन शुद्ध करायचा निकेलचा कॉलम पांढरा पडलेला सापडला; म्हणजे कोणीतरी ईडीटीए (धातू धरून ठेवणारं रसायन) असलेलं प्रोटीन त्यावरून घातलं, निकेल धुऊन गेलं आणि नोंद नाही. तपकिरी झाला असता तर डीटीटी या दुसऱ्या रसायनावर संशय गेला असता. वापरून झाल्यावर कॉलम २० टक्के इथेनॉलमध्ये ठेवायचा, एवढंच मागणं आहे. सेंट्रीफ्यूजचा रोटर पुसून, झाकण काढून, उलटा ठेवायचा. यावरून जितके वाद होतात तितके शोधनिबंधावरच्या नावांच्या क्रमावरूनही होत नसतील. (होतात, पण ते चहाच्या टेबलावर होत नाहीत.)

गुरुवार

द्रव नायट्रोजन आला. तो आणायची पाळी ठरली. लिफ्टमध्ये ड्युअर (नायट्रोजनचं थर्मासासारखं भांडं) एकटाच जातो, माणूस जिन्यानं. एक लीटर द्रवाचा सुमारे ७०० लीटर वायू होतो आणि बंद लिफ्टमध्ये तो ऑक्सिजनची जागा घेतो. नव्या पोरांना हे पहिल्या दिवशी सांगावं, चौथ्या दिवशी नव्हे.

शुक्रवार

आज लूपनं, म्हणजे बारीक फाशानं, क्रिस्टल उचलून गोठवायचा सराव. खळग्यातल्याच द्रावणात २५ टक्के ग्लिसरॉल मिसळायचं, क्रिस्टल त्यात काही सेकंद बुडवायचा आणि सरळ नायट्रोजनमध्ये. ग्लिसरॉल कमी पडलं की क्ष-किरणांच्या चित्रात बर्फाची कडी उमटतात, ३.९, ३.६७ आणि ३.४४ आंगस्ट्रॉमपाशी. पुरेसं घालूनही कडी येत असतील तर भांड्याकडे पाहावं. द्रव खाली गेला असला तर लूप आधी वरच्या थंड वाफेतून जातो, क्रिस्टल सावकाश गारठतो आणि बर्फ धरतो. भांडं काठोकाठ भरलेलं हवं. पुण्यात ऑगस्टमध्ये आणखी एक ताप: हवेतल्या दमटपणानं नायट्रोजनवर पांढरा भुगा तरंगतो आणि तोच लूपला चिकटतो. झाकण ठेवावं, भांड्यावर बोलू नये.

इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रावर), पीएक्स-बीएल२१ या बीमलाइनवर नमुने जायचे असतील, तर ड्राय शिपर, म्हणजे गोठलेले नमुने न्यायचा डबा, आदल्या दिवशीच भरायला घ्यावा. त्याच्या भिंतीतला सच्छिद्र पदार्थ नायट्रोजन पीत राहतो, त्यामुळे पातळी उतरायची थांबेपर्यंत परत परत भरायचं आणि निघताना मोकळा द्रव ओतून टाकायचा. डबा वाटेत आडवा पडला तर आतला थंडावा फार लवकर संपतो.

शनिवार

चहाला तोच प्रश्न: प्रोटीनच्या रचनेचा अंदाज बांधणारं अल्फाफोल्ड आहे, २०२४ चं नोबेलही मिळालं, मग ट्रे कशाला? अल्फाफोल्ड शिकलं ते प्रोटीन डेटा बँकेतल्या रचनांवर. ती बँक १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झाली, आता दोन लाखांच्या वर आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक अशाच थेंबांतून आल्या. आता तर अल्फाफोल्डचं मॉडेल घेऊन मॉलिक्युलर रिप्लेसमेंटनं फेज मिळतो (क्ष-किरणांच्या चित्रात न उमटणारी, पण रचना काढायला लागणारी माहिती), पूर्वी सेलेनियम घातलेलं प्रोटीन बनवायला महिने जायचे. पण ज्या वळणावर अल्फाफोल्डनंच दिलेला विश्वासाचा आकडा शंभरात ५० च्या खाली आहे, तिथलं मॉडेल म्हणजे नुसता दोरा. आपलं औषध कुठे, कोणत्या पाण्याच्या रेणूला धरून बसलं आहे, ते आपल्याच क्रिस्टलमध्ये पाहावं लागतं. शेवटी रचना कोणतीही असो, तपासायला रामचंद्रन आलेख लागतोच; प्रोटीनच्या साखळीतले कोन शक्य आहेत का, ते तो दाखवतो. मद्रास विद्यापीठातलं १९६३ चं काम. आलेखात बिंदू बाहेर पडला की आधी ते ग्लायसीन (सर्वांत लहान, कसंही वळणारं अमिनो आम्ल) आहे का पाहावं, मग घाबरावं.

सोमवार, सातवा दिवस

ए-१ स्वच्छ. बी-३ मध्ये दोन क्रिस्टल, मोठा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कडा धारदार. सी-४ मध्ये आठ-दहा, एकमेकांना चिकटलेले. डी-६ साखर. बी-५ ची काच सरकली आहे. कोणी, ते रजिस्टरमध्ये नाही.